न आलेल्याचा तास

माझा तास पन्नास मिनिटांचा असतो. एकदा ठरला की तो पेशंटचा. आला तरी त्याचा, नाही आला तरी त्याचाच, आणि पैसे दोन्ही वेळा द्यायचे. ब्युनोस आयर्समध्ये ही अट कुणाला नवीन नाही. आमच्या पालेर्मोत एकेका इमारतीत चार-चार मनोविश्लेषक बसतात आणि खालच्या कॅफेत पेशंट एकमेकींना विचारतात, "तुझी बाई बुडालेल्या तासाचेही घेते का गं?" मी घेते. सव्वीस वर्षं घेत आले.

त्या अटीची दुसरी बाजू मात्र फार जण पाळत नाहीत. मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते डॉक्टर रेझनिक सांगायचे, पैसे घेतलेस ना, मग त्या तासात बसायचं. फोन नाही, वर्तमानपत्र नाही, विणकाम नाही. मी बसते. गुर्रुचागा रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. हिरव्या कापडाचा कोच, त्याच्या डोक्याशी माझी खुर्ची, समोर भिंतीवरचं घड्याळ. खिडकीतून इमारतीचा मधला चौक दिसतो आणि त्यात शेजारणीचे वाळत घातलेले टॉवेल. न आलेल्या माणसाचा तास त्या टॉवेलांकडे बघण्यात जातो. कंटाळा येतो. कंटाळा हाही कामाचाच भाग, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

दार्दो लेदेस्मा माझ्याकडे आला तो शहाण्णव सालच्या मार्चमध्ये. बस ड्रायव्हर, वय बेचाळीस, मान जाडजूड आणि आवाज मात्र इतका मऊ की पहिल्या दिवशी मला दोनदा "काय म्हणालात?" असं विचारावं लागलं. एका प्रवाशाने मागच्या दाराची घंटी लागोपाठ तीनदा वाजवली म्हणून त्याने बस भर रस्त्यात थांबवली होती, मागे गेला होता आणि त्या माणसाचा जबडा मोडला होता. नोकरी जायचीच, पण युनियन मध्ये पडली. उपचार घेतले तर राहील, असं ठरलं. दर गुरुवारी चार वाजता.

मी अट सांगितली तेव्हा तो कोचावरून मान वळवून माझ्याकडे बघायला लागला.

"म्हणजे मी नाही आलो तरी पैसे?"

"तरीही."

"झकास! उद्यापासून मीही बसमध्ये न चढलेल्यांकडून तिकीट घेतो."

"तुमची बस रिकामी असली म्हणून सुटायची थांबते का?"

तो हसला. "डॉक्टर, तुम्ही युनियनमध्ये पाहिजे होतात."

चौथ्या तासाला त्याने बायकोबद्दल सांगितलं. झुलेमा. छातीवर हात ठेवून तो छताशी बोलत होता. बोटांच्या पेरांवर खपल्या होत्या.

"शेजाऱ्यांना सांगते, कपाटाचं दार लागलं. आमच्या कपाटाला दारच नाही, डॉक्टर. पडदा आहे." जरा वेळाने तो म्हणाला, "आधी डावा. मग उजवा. मग कोपर. दर वेळी तसंच. मी मनात मोजत असतो. मोजता येतं, थांबता येत नाही."

मी त्याला पोलिसांविषयी, बायकोला मदत करणाऱ्या संस्थांविषयी सांगितलं. त्याने निमूटपणे कागदावर पत्ते लिहून घेतले आणि खिशात ठेवले.

मे महिन्याच्या अखेरीस त्याचा पहिला तास बुडाला. ड्युटी बदलली म्हणून दुपारी फोन आला होता. चारला मी दार नेहमीसारखं नुसतं लोटून ठेवलं आणि खुर्चीत बसले. बाहेर बारीक पाऊस होता, शेजारणीने टॉवेल काढलेले नव्हते.

चार वाजून दहा मिनिटांनी कोचाच्या स्प्रिंगा वाजल्या. जड माणूस आडवा होताना वाजतात तशा, आधी मधल्या, मग पायथ्याच्या. उशीवर घातलेल्या पांढऱ्या फडक्याला मधोमध खळगा पडला.

मी उठले. कोच हाताने दाबून पाहिला. हवा दमट होती, हीटर नुकताच चालू केला होता, कोच माझ्या सासूच्या वेळचा. मी वहीत लिहिलं, "स्प्रिंगा दाखवून घेणे." चार पन्नासला त्या पुन्हा वाजल्या आणि फडकं हळूहळू सपाट झालं.

पुढच्या गुरुवारी दार्दो खुशीत होता. "आठवडा बरा गेला. त्या दिवशी घरी गेलो तर सूप अळणी. खाल्लं. नुसतं खाल्लं, डॉक्टर. झुलेमा ताटाकडे बघत उभी होती, बसायलाच तयार नाही."

जूनमध्ये त्याचा दुसरा तास बुडाला. या वेळी खोलीत आधी वास आला. डिझेलचा आणि ओल्या लोकरीचा. मग कोच दबला आणि कुणीतरी श्वास घेऊ लागलं. मऊ, खोल श्वास. माझ्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर, रिकाम्या उशीवर.

मी कामाची माणूस आहे. त्या क्षणी मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी प्रत्येकाला म्हणते तेच म्हटलं. "हं, बोला."

श्वास थांबला. कागदी रुमालांचं खोकं टेबलावरून उडून भिंतीवर आपटलं. आणि मग माझ्या डाव्या गालावर काहीतरी बसलं.

चष्मा उडाला. तोंडात लोखंडासारखी चव आली. मला वाटलं, पक्षाघात. नंतर उजव्या बाजूने बसला, आणि मी खुर्चीसकट खाली गेले. जमिनीवरून मला खुर्चीचे चार पाय आणि कोचाखालची धूळ दिसत होती. तिसरा कानाच्या वर बसला. तो मुठीपेक्षा टणक होता.

चार पन्नासला सगळं शांत झालं. चौकात कुणीतरी रेडिओ लावला होता.

मज्जातज्ज्ञाने डोक्याचे फोटो काढले. सगळं स्वच्छ निघालं. त्याने फोटो उजेडाशी धरले, मग माझ्या गालाकडे पाहिलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"मी एकटी राहते. विधवा आहे."

"बरं," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

जुलैत दार्दो एकदाच आला. तो बारीक झाला होता, चेहऱ्यावरचा ताठा उतरला होता. मी म्हटलं की तुम्ही टाळताय. उपचार लागू पडायला लागला की माणूस टाळतोच.

"मी नाही आलो की जास्त बरं वाटतं, डॉक्टर. खरं सांगतो. तुमचे पैसे तर पोचतायत. मग बिघडलं कुठे?"

त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. निदान मला तसं वाटलं.

महिन्याच्या शेवटी पैसे घेऊन झुलेमा आली. काटकुळी बाई, चाळिशीची, केस घट्ट मागे बांधलेले. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेली पास्ताफ्रोला, मुरंबा भरलेला गोल केक, अजून कोमट.

"तीन गुरुवारचे आहेत," ती म्हणाली. "आणि हे मी केलंय. तुमच्यासाठी."

मी विचारलं, दार्दो कसा आहे?

"कोकरू झालाय! भांडी घासतो. भांडी, डॉक्टर! त्याच्या आईने पाहिलं असतं तर जागच्या जागी गेली असती." ती तोंडावर हात धरून हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "गुरुवारी चार वाजता डेपोत बाकावर बसतो. हात मांडीवर, तोंड उघडं. पन्नास मिनिटं. हाका मारल्या तरी ऐकत नाही. बरोबरचे चिडवतात, 'लेदेस्माचं दुकान बंद झालं.' मग उठतो, कामाला लागतो. आणि घरी येतो तो असा."

बोलता बोलता ती थांबली. मी खिडकीकडे पाठ करून बसले होते, पावडर बरीच लावली होती. ती उठून जवळ आली. माझी हनुवटी अंगठ्याने धरून तिने चेहरा उजेडाकडे वळवला, बाजारात फळ वळवून बघावं तसा.

"डावा आधी," ती म्हणाली.

तिने दुसऱ्या हाताने गालावरची पावडर जरा पुसली.

"पहिले दोन दिवस गार बाटली धरायची. तिसऱ्या दिवसापासून कोमट फडकं. पावडरीच्या आधी ते हिरवट क्रीम मिळतं ना, ते लावा, लाल दिसत नाही. आणि बरगडी दुखत असेल तर खोकताना उशी पोटाशी घट्ट धरा."

"झुलेमा, हे काय आहे, तुम्हाला माहीत आहे?"

"नाही." तिने हात मागे घेतला. "मला एवढंच माहीत आहे की नऊ आठवडे मी हव्या त्या कुशीवर झोपतेय."

पाकीट टेबलावर आमच्या दोघींच्या मध्ये होतं. ती ते परत उचलेल म्हणून मी वाट पाहिली. तिने दोन बोटांनी ते माझ्या बाजूला सरकवलं. दाराशी जाऊन ती वळली, पण डोळे जमिनीकडे होते.

"पुढच्या गुरुवारीही त्याला ड्युटी आहे."

त्या रविवारी मी डॉक्टर रेझनिकांकडे गेले. ते तेव्हा एक्याऐंशी वर्षांचे होते, बेल्ग्रानोत मुलगा-सुनेकडे राहायचे. लिंबू घातलेला चहा ढवळत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वेड लागलंय का, असं त्यांनी विचारलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"अगं, तू अजून बसतेस त्या तासात?"

"तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं." त्यांनी चमचा बशीत ठेवला. "मी स्वतः चौऱ्याहत्तर सालानंतर बसलो नाही. दाराला कुलूप लावायचो आणि खाली जाऊन कॉफी घ्यायचो."

"आणि खोलीत?"

"वर आल्यावर खुर्च्या सरळ करायचो."

स्वयंपाकघरात त्यांची सून मोठ्याने फोनवर बोलत होती. ती गप्प होईपर्यंत ते थांबले.

"पैसे घेऊ नकोस, पेर्ला. पैसे नाहीत तर तास त्याचा नाही."

"मग ते जाईल कुठे?"

"भिंतींच्या आतलं तेवढं आपलं, पोरी. बाकीचं आपलं नाही." आणि त्यांनी मला चहा संपवायला सांगितलं.

मी त्यांचं ऐकलं. बुधवारी दार्दोच्या घरी फोन केला आणि सांगितलं की उद्याचे पैसे नकोत, तुमचा तास मी दुसऱ्या पेशंटला दिलाय. ते खोटं होतं.

"दुसऱ्याला?" तो म्हणाला. "माझा तास?"

त्याचा आवाज मऊच होता.

गुरुवारी चार वाजता मी खुर्चीत बसले. सव्वाचार झाले, साडेचार झाले. उशी सपाट, रुमालांचं खोकं जागेवर. ऊन टॉवेलांवरून सरकत भिंतीवर गेलं. पावणेपाचला मी एक सफरचंद खाल्लं, अगदी बियांपर्यंत, आणि मग बराच वेळ रडले. सुटले म्हणून.

शुक्रवारी सकाळी आठला फोन वाजला. पलीकडे लहान मुलीचा आवाज होता.

"तुम्ही गुरुवारच्या डॉक्टर का? मी यानिना लेदेस्मा. आईला बोलता येत नाही. तिने लिहून दिलंय, ते वाचू?"

"वाच."

ती अक्षर लावत वाचत होती. "मे-हेर-बानी करून पैसे घ्या."

झुलेमाचा जबडा दोन ठिकाणी मोडला होता. हॉस्पिटलात तिच्या दातांना तारा बांधल्या होत्या, एक डोळा पूर्ण मिटलेला. दार्दोची ड्युटी ऐनवेळी रद्द झाली होती. तो माते, म्हणजे आमचा पाल्याचा कडू चहा, पीत स्वयंपाकघरात बसला होता आणि बरोबर चार वाजता उठला. पोलिसांनी एक रात्र आत ठेवून सोडला, कारण तिने तक्रारीवर सही केली नाही.

मी भेटायला गेले तेव्हा खाटेच्या पायथ्याशी सात वर्षांची यानिना उभी होती. शाळेचा पांढरा झगा, दोन वेण्या. ती माझा चेहरा निरखत होती.

"तुम्हालापण कपाट लागलं?"

मी हो म्हटलं.

मी झुलेमाला सांगितलं की सही करा, मुलीला घेऊन निघा, माझी बहीण रोसारिओत आहे, तिच्याकडे राहा, भाड्याचं मी बघते. हे सगळं मी मनापासून सांगितलं आणि ते बरोबरच होतं. तिने कागद मागितला. त्यावर लिहिलं, "तिथेही चार वाजतात." मग उशीखालून पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. तिने हात खाली घेतला नाही.

मी पाकीट घेतलं.

का घेतलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. माझ्या वेळेला शेवट होता. समोर घड्याळ होतं आणि पन्नास मिनिटांनी मार थांबणार, हे मला ठाऊक होतं. तिला तेवढंही कधी ठाऊक नव्हतं. मी हिशेब असा मांडला, आणि अजूनही तो मला चुकीचा वाटत नाही.

त्यानंतरचे पाच गुरुवार मी मोजून काढले. दाढेचा तुकडा पडला, उजव्या हाताचं एक बोट वाकडं झालं. इतर पेशंटना मी सांगितलं की घोड्यावरून पडले. मी आयुष्यात कधी घोड्यावर बसलेले नाही, पण कुणीही पुढे विचारलं नाही. मी जमेल तेव्हा ओठ हलवून त्या रिकाम्या जागेशी बोलत होते. दार्दो, तुमच्या वडिलांचं सांगा. दार्दो, ती घंटी. उत्तर म्हणून पुढचा फटका यायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी त्याचा फोन आला. आजही ड्युटी आहे, पैसे झुलेमा देईल. मी बरं म्हटलं. चष्मा काढून खणात ठेवला. चारला दार लोटलं.

चार दहाला सुरू झालं. या वेळी ते आडवं झालंच नाही, सरळ माझ्यावर आलं. मी कोच आणि हीटर यांच्या मधल्या जागेत पडले आणि डोकं हातांनी झाकलं. हात बाजूला ओढले गेले.

चार वीसला दार उघडलं.

दार्दो उंबऱ्यात उभा होता. अंगात ड्रायव्हरचा निळा शर्ट, हात दोन्ही बाजूंना पोत्यांसारखे लोंबत होते. डेपोतून चालत आला होता. नंतर कळलं, बारा गल्ल्या. बरोबरच्या माणसांनी सांगितलं की तो बाकावरून स्वतःला ओढून काढल्यासारखा उठला आणि निघाला.

त्याला खोलीत मी एकटीच दिसत होते. माझं डोकं एका बाजूला उडालं.

"डावा," तो हळूच म्हणाला.

डोकं दुसऱ्या बाजूला गेलं.

"उजवा." आणि मग, फटका बसण्याच्या आधीच, "कोपर. डॉक्टर, कोपर येतंय, तोंड फिरवा!"

मी तोंड फिरवलं. ते कानावर बसलं.

"मी इथे आहे!" तो ओरडला. त्याला एवढ्या मोठ्याने बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. "ए! मी इथे उभा आहे! मी आलोय!"

त्याने हवेत झडप घातली. कशाला तरी धडकला. भिंतीवर फेकला गेला, घड्याळ वाकडं झालं. तो उठला.

मग तो माझ्यावर पालथा पडला.

त्याचं सगळं वजन अंगावर आलं. डिझेल, घाम, माते चहाचा कडवट वास. त्याची हनुवटी माझ्या केसांत रुतली. त्याने दोन्ही तळहात माझ्या कानांवर ठेवले.

फटके त्याच्या पाठीत बसायला लागले. मला प्रत्येक फटका त्याच्या शरीरातून कळत होता.

त्याने हात उचलला नाही.

"किती वाजले?"

त्याच्या खांद्यावरून वाकडं घड्याळ दिसत होतं. "चार एकतीस."

"किती राहिले?"

"एकोणीस मिनिटं."

आत काहीतरी कटकन मोडलं. त्याचं की माझं, मला कळलं नाही.

"किती?"

"चौदा."

"झुलेमा कसं काढायची हो?"

मी घड्याळाकडे बघत राहिले.

"किती?"

"सहा."

त्याच्या तोंडातून माझ्या कपाळावर ऊन-ऊन गळत होतं.

"किती?"

"दोन, दार्दो. दोनच."

मग थांबलं.

"संपला तास?"

"संपला."

तो कोचाचा आधार घेऊन उठला. शर्ट पँटीत खोचला. त्याचा चेहरा टॉवेलांसारखा पांढरा होता.

"आज मी आलो होतो, डॉक्टर," तो म्हणाला. "तसं लिहा."

तो जिना उतरताना कठडा धरत होता, त्याचा आवाज मला येत होता. तळमजल्यावर आवाज थांबला. चौकीदाराला तो शेवटच्या पायरीवर बसलेला सापडला, डोकं भिंतीला टेकलेलं. नऊ मोडलेल्या बरगड्या आणि फाटलेली प्लीहा, असं शवविच्छेदनात निघालं. पोलिसांनी माझा चेहरा पाहिला, त्याची पाठ पाहिली, माझं वजन विचारलं. चोपन्न किलो. त्यांनी मला चार वेळा बोलावलं. पाचव्यांदा बोलावलं नाही.

नोव्हेंबरमध्ये झुलेमा आली. तारा निघाल्या होत्या. बोलताना तोंड किंचित एका बाजूला जायचं. तिने काळे कपडे घातले नव्हते. कोचाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

"यानिनाच्या शाळेतून बोलावणं आलं होतं," ती म्हणाली. "बाकाचं झाकण एका मुलीच्या हातावर पाडलं. दोन बोटं. बाईंनी विचारलं, मुद्दाम केलंस का? तर म्हणते, मी मोजत होते."

मी म्हटलं, तिला लगेच घेऊन या. मी लहान मुलांना बघत नाही, पण माझी एक चांगली मैत्रीण बघते, इथून दोन गल्ल्यांवर.

"नको. ती शाळेत जाईल. तिचा अभ्यास बुडायला नको."

"झुलेमा."

"ती येणार नाही, डॉक्टर." तिने पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "पैसे वेळेवर येतील."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने या वेळी नजर वळवली नाही. मी तिला सांगू शकले असते की माझा हात अजून डोक्याच्या वर जात नाही, रात्री डाव्या कानात शिट्टी वाजते. तिला ते माहीत होतं. माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

"ती अजून लहान आहे," झुलेमा म्हणाली. "आत्ताच थांबलं तर थांबेल."

मी वही उघडली. मंगळवारी साडेदहा रिकामे होते.

त्या मंगळवारी स्वच्छ ऊन होतं. शाळेत त्या वेळी दुसरा तास चालू असणार. मी दार लोटलं आणि खुर्चीत ताठ बसले. दहा पस्तीसला खडूचा आणि वेणीला लावायच्या तेलाचा वास आला.

पहिला फटका माझ्या गुडघ्याच्या जरा वर बसला. दुसरा मांडीवर, घाईघाईने. तिसरा पुन्हा तिथेच.

मी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खुर्चीतून उतरून जमिनीवर बसले. तिचा हात पोचत नव्हता.